ठाणे आणि नवी मुंबईचा इतिहास: डेटाबेसमध्ये शोधायचा कसा आणि वाचकांपर्यंत पोचवायचा कसा

ठाण्याच्या इतिहासावर काम करणाऱ्यांकडून दोन तक्रारी सारख्या ऐकू येतात. पहिली म्हणजे, 'नेटवर ठाण्याचं जुनं काही सापडतच नाही.' दुसरी तक्रार स्वतःचं संकेतस्थळ चालवणाऱ्यांची: 'इतक्या कष्टानं लिहिलं, पण वाचायला कुणी फिरकत नाही.' माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे नावं. जुन्या कागदांत ठाणे आपण आज लिहितो तसं लिहिलेलं नसतं. आजचा वाचकही त्याला हवी असलेली जागा आपल्या लेखातल्या नावानं शोधत नाही. जो नावांचा चिकाटीनं पाठपुरावा करतो त्याला कागद सापडतात, आणि त्याच नावांच्या जोरावर वाचकही येतात. म्हणून हा लेख शोधण्याबद्दल आहे तितकाच वाचक मिळवण्याबद्दलही आहे.

पायरी पहिली: नावांची वही

शोधाला बसण्यापूर्वी एक वही घाला किंवा स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक गाव, तलाव, किल्ला आणि माणूस यांना एकेक ओळ द्या. त्या ओळीत आजचं नाव, जुनी मराठी रूपं, इंग्रजी कागदांतली स्पेलिंगं, पोर्तुगीज रूप आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव, असं सगळं लिहा.

ठाण्याचीच ओळ घ्या. शिलाहार राजांच्या काळात हे श्रीस्थानक. पोर्तुगीज कागदांत टी-ए-एन-ए. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांत टी-ए-एन-एन-ए, किंवा शेवटी एच लावून टी-ए-एन-एन-ए-एच. १८८२च्या गॅझेटियरमध्ये (म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) आणि त्यानंतरच्या सरकारी कागदांत दीर्घकाळ टी-एच-ए-एन-ए. शेवटी ई असलेलं आजचं स्पेलिंग अलीकडचं आहे. त्यामुळे ते टाकून शोधलं की हॉटेलं, फ्लॅट आणि गेल्या काही वर्षांच्या बातम्याच पुढे येतात, जुनं काही येत नाही.

मराठीतही हाच प्रकार आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छापील मजकुरात 'ठाणें' असं अनुस्वारासकट असतं आणि 'ठाणे' असा अचूक शब्दशोध ते पकडेलच असं नाही. शिवाय पेशवेकालीन पत्रांत शहराचं नाव क्वचित येतं, प्रदेशाचं जास्त. तिथे 'साष्टी' (ठाणे ज्या बेटावर आहे ते), 'फिरंगाण' (पोर्तुगीजांच्या ताब्यातला मुलूख), 'प्रांत कल्याण भिवंडी' हे शब्द टाकून पाहावे लागतात.

साष्टीला मात्र एक काटा आहे. इंग्रजी-पोर्तुगीज कागदांतली ठाण्याची साष्टी आणि गोव्यातली सासष्टी यांची स्पेलिंगं एकमेकांत सहज मिसळतात. पोर्तुगीज दफ्तरांत तर गोव्याचेच कागद ढिगानं असल्यामुळे आपल्या कामाचं त्यात गाडलं जातं. अशा वेळी साष्टीबरोबर वसईचं पोर्तुगीज रूप 'बासाइं' किंवा इंग्रजी रूप 'बसीन' जोडा, आणि 'मडगाव', 'गोवा' हे शब्द रोमन स्पेलिंगमध्ये वजाबाकीचं चिन्ह लावून वगळा. पुष्कळ गाळ निघून जातो.

जिल्ह्यांच्या हद्दीही वहीत हव्यात, कारण दफ्तरं हद्दीप्रमाणे लावलेली असतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला. म्हणजे त्याआधीचं वसई, डहाणू, जव्हारचं साहित्य 'ठाणे जिल्हा' या नावाखाली आहे. मुंबई उपनगर जिल्हा १९२०मधला; त्याआधी साष्टी बेटावरची वांद्रे-कुर्ल्याकडची गावंही ठाणे जिल्ह्यातच होती. पनवेलची गंमत आणखी वेगळी. आज ते रायगडमध्ये आहे, रायगड १९८१पर्यंत कुलाबा होता, म्हणून लोक १९व्या शतकातलं पनवेल कुलाब्याच्या गॅझेटियरमध्ये शोधत बसतात. पण १८८२च्या गॅझेटियरमध्ये पनवेल ठाण्याच्या खंडांत आहे.

नवी मुंबईवाल्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७०ची. शहरासाठी ठरवलेलं क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटरचं, त्यात ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं. 'नवी मुंबई' टाकून १९७०च्या आधीचं काही मिळणार नाही, आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं इंग्रजीत 'न्यू बॉम्बे' असंच छापलं जायचं. इतिहास हवा असेल तर गावाच्या नावानं शोधा: घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, शिरवणे, नेरुळ, दारावे, दिवाळे, बेलापूर. ठाणे तालुक्यातली गावं ठाण्याच्या कागदांत, पनवेल-उरणकडची काळाप्रमाणे ठाणे किंवा कुलाब्याच्या.

पायरी दुसरी: कुठल्या डेटाबेसकडे कशासाठी जायचं

सगळे डेटाबेस सारखे नसतात, आणि सगळीकडे एकच शब्द टाकून पाहणं म्हणजे वेळ वाया घालवणं. मी नेहमी इंटरनेट अर्काइव्ह या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या संकेतस्थळापासून सुरुवात करते, कारण सर जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाण्याबद्दलचे खंड तिथे मोफत आहेत: १३वा खंड दोन भागांत आणि १४वा खंड खास ठिकाणांवर. गावाबद्दल लिहिणाऱ्यानं १४वा खंड आधी उघडावा.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा शोध नेमका इथेच फसतो. या गॅझेटियरमध्ये दीर्घ 'आ'साठी रोमन ए अक्षरावर तिरकी रेघ दिलेली आहे. पानं स्कॅन करून यंत्रानं मजकूर ओळखला तेव्हा ते रेघवालं ए बऱ्याच ठिकाणी डी म्हणून वाचलं गेलं. त्यामुळे पुस्तकाच्या आतल्या शोधात ठाणे हे टी-एच-डी-एन-ए असं दडलेलं असतं आणि कल्याणच्या शेवटच्या ए-एनच्या जागी डी-एन. तुम्ही अचूक स्पेलिंग टाकता, शून्य निकाल येतात आणि वाटतं पुस्तकात काहीच नाही. यावर दोन उपाय आहेत. एकतर ही चुकीची रूपंही वहीत लिहून ठेवा आणि मुद्दाम टाकून पाहा. नाहीतर दीर्घ स्वर नसलेले शेजारचे शब्द शोधा. खाडी, किल्ला, तुरुंग, तलाव यांचे साधे इंग्रजी शब्द यंत्रानं बहुधा बरोबर वाचलेले असतात. पनवेल आणि भिवंडीच्या तिथल्या स्पेलिंगमध्ये रेघवालं अक्षर नाही, म्हणून ती गावं सहज सापडतात.

याच संकेतस्थळावर शोधपेटीखाली कशात शोधायचं याचे पर्याय असतात. आपोआप निवडलेला पर्याय फक्त पुस्तकाचं नाव, लेखक, विषय एवढंच पाहतो. 'मजकुरात शोधा' हा पर्याय निवडला की पुस्तकांच्या आतल्या ओळी तपासल्या जातात. या एका टिचकीनं शोधाचं रूप पालटतं. भारतीय डिजिटल लायब्ररीतून आलेली मराठी पुस्तकंही इथे खूप आहेत, पण त्यांची नावं विचित्र रोमन लिपीत नोंदलेली आहेत: दीर्घ स्वराला दोन-दोन ए आणि मध्येच अपॉस्ट्रॉफी. देवनागरीत शोधून ती सापडत नाहीत. नावातला एखादाच सोपा शब्द रोमनमध्ये वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहा आणि भाषेच्या चाळणीत मराठी निवडा.

एक शोध पूर्ण करून दाखवते. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१५मधल्या गंगाधरशास्त्री पटवर्धन खून प्रकरणात इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, आणि सप्टेंबर १८१६मध्ये तो तिथून निसटला. आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह याच किल्ल्यात आहे. त्याचं नाव आजच्या रोमन स्पेलिंगमध्ये टाकलं तर विकिपीडियाची नक्कल केलेली पानं आणि कादंबरीच्या थाटातले लेख येतात. आता वही उघडायची. त्या काळचे इंग्रज 'डेंगळे'चं 'डेंग्लिया' करत आणि त्रिंबकजीच्या शेवटी दुहेरी ई लावत. आधी नुसतं 'डेंग्लिया' रोमनमध्ये, मजकुरात शोधा हा पर्याय, आणि प्रकाशनवर्ष १८१६ ते १८३० एवढी मर्यादा. लगेच मराठा युद्धावरची त्या काळातली पुस्तकं पुढे येतात. मग त्याच शब्दाला टी-ए-एन-एन-ए-एच जोडायचं, म्हणजे फक्त ठाण्याचा तुरुंग आणि पलायन उरतं. या वाटेनं गेलं की बिशप रेजिनल्ड हेबर यांचं १८२८मध्ये छापलेलं प्रवासवर्णन भेटतं. मोतद्दारानं, म्हणजे घोड्याच्या नोकरानं, मराठी गाण्यातून त्रिंबकजीला बेत कसा कळवला ही कथा त्यात आहे. हेबर १८२५मध्ये या भागात आले होते, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी. कथा सुंदर आहे, पण ती ऐकीव आहे हे लिहिताना सांगायलाच हवं. घटनेचं साल, लेखक तिथे आला ते साल आणि छपाईचं साल या तीन तारखा शेजारी-शेजारी लिहायची सवय लागली की ऐकीव आणि प्रत्यक्ष पाहिलेलं यात गल्लत होत नाही.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल वेगळ्या स्वभावाचं आहे. तिथे पुस्तकं वाचायची नसतात, सरकारी फायली शोधायच्या असतात. नोंदणी मोफत आहे. या फायलींची शीर्षकं कारकुनांनी कारकुनांसाठी लिहिली होती. 'ठाण्याचा इतिहास' असं शीर्षक तिथे असणारच नाही. 'अमुक खर्चास मंजुरी', 'रहिवाशांचा अर्ज', 'तुरुंगातील कैद्यांची बदली', 'खाडीवरील पूल' अशा धाटणीची असतात. म्हणून ठाण्याच्या जुन्या स्पेलिंगबरोबर इंग्रजीत अर्ज, मंजुरी, कैदी, पूल, रेल्वे, मीठ, अबकारी हे शब्द एकेक करून जोडा. मीठ आणि अबकारी तर ठाण्यासाठी सोन्याची खाण आहे, कारण खाडीकाठची मिठागरं आणि ताडी-दारूवरचा कर हे सरकारच्या सततच्या काळजीचे विषय होते. कागद कोणत्या खात्यात पडला असेल याचा अंदाज आधी बांधा, मग शब्द निवडा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खून प्रकरणात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्याबद्दलचे कागद ठाण्यापेक्षा गृह खात्याच्या राजकीय फायलींत आणि नाशिकच्या नावानं मिळण्याची शक्यता जास्त.

एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचं 'ग्रंथ संजीवनी', भारत सरकारचं 'इंडियन कल्चर', राज्य मराठी विकास संस्थेनं डिजिटल केलेले दुर्मीळ ग्रंथ आणि मराठी विकिस्रोत ही चार ठिकाणं प्रत्येक विषयाला एकदा तरी चाळून घ्यावीत. जुन्या नकाशांसाठी डेव्हिड रम्सी संग्रह आणि टेक्सास विद्यापीठाचा नकाशासंग्रह चांगले आहेत. टेक्सासकडे अमेरिकी लष्करानं २०व्या शतकाच्या मध्यावर छापलेले भारताचे नकाशे आहेत आणि सिडकोपूर्वीचा खाडीकिनारा त्यात दिसतो.

नवी मुंबईच्या गावांवर लिहिणाऱ्यांनी जनगणनेची जिल्हा पुस्तिका सोडू नये. १९६१ची ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांची पुस्तिका गाववार आहे: घरं किती, माणसं किती, शेतीवर किती. शहर येण्यापूर्वी आपलं गाव केवढं होतं, याचं इतकं नेमकं उत्तर दुसरीकडे मिळत नाही. जमिनीचा इतिहास हवा असेल तर महसूल विभागाच्या ई-अभिलेख सेवेत जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन स्वरूपात मिळतात. मात्र खासगी माणसांची नावं आणि गट क्रमांक तिथून उचलून संकेतस्थळावर टाकू नका. जमिनीचे वाद अजून जिवंत आहेत. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, त्यांच्या घरची माणसं आजही इथेच राहतात.

मराठेशाहीसाठी गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद' हे ४५ खंड पायाभूत आहेत. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेची, म्हणजे १७३७ ते १७३९ची पत्रं त्यात आहेत आणि १७३७चं ठाणे घेणंही त्याच मोहिमेचा भाग. स्कॅन मिळतात, पण देवनागरी मजकूर यंत्रानं फार वाईट वाचलेला आहे: भचा म, घचा ध, वचा ब. इथे शोधपेटीवर विसंबू नका. आधी अनुक्रमणिका पूर्ण वाचा, मग खंड पानापानानं चाळा. मूळ मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. तिथपर्यंत जायचं तर मोडी शिकण्याला पर्याय नाही.

आणि सगळं ऑनलाइन शोधत बसू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आहे. स्थानिक स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक, जुने दिवाळी अंक असलं साहित्य कुठल्याच डेटाबेसमध्ये चढलेलं नसतं. १८६६मध्ये ठाण्यातून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघायचं. अशा पत्रांचा एखादा सुटा अंक कुठे निघेल सांगता येत नाही, म्हणून ग्रंथपालांना विचारण्याची लाज बाळगू नका.

पायरी तिसरी: तारखा जुळवून घ्या

ठाण्यावर लिहिणाऱ्याला हे टाळता येत नाही, कारण एकाच घटनेच्या नोंदी तीन-चार कालगणनांत आहेत. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांना ७९. शिलाहार राजा अरिकेसरीचा ठाणे ताम्रपट शके ९३९चा, म्हणजे १०१७चा. (हा ताम्रपट ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना सापडला आणि 'एशियाटिक रिसर्चेस'च्या १७८८च्या पहिल्याच खंडात छापला गेला. तिथे शोधायचं असेल तर जुनं टी-ए-एन-एन-ए, आणि वा. वि. मिराशींच्या शिलाहार लेखांच्या १९७७च्या खंडात 'अरिकेसरी' किंवा त्याचंच दुसरं नाव 'केशिदेव'.)

पेशव्यांच्या पत्रांत अरबी सन अक्षरांत लिहिलेला असतो. 'सबा सलासीन मया व अलफ' म्हणजे सात, तीस, शंभर आणि हजार: ११३७. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते जूनचा आरंभ असेल तर ६००. वसईची मोहीम मार्चमध्ये सुरू झाली, म्हणून ११३७ अधिक ६००, सन १७३७.

आता इंग्रजांकडे या. पोर्तुगीजांनी सुधारित दिनदर्शिका १५८२मध्येच घेतली, इंग्रजांनी १७५२मध्ये. १७३७मध्ये दोघांत ११ दिवसांचा फरक होता. त्यातही इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं. त्यामुळे मुंबईच्या इंग्रजांनी १७ मार्च १७३६ असं लिहिलेलं पत्र वसईच्या पोर्तुगीजाच्या हिशेबानं २८ मार्च १७३७चं असतं. हे ठाऊक नसेल तर एकाच लढाईच्या दोन वेगळ्या लढाया होतात, आणि तशा झालेल्या लेखांची संख्या कमी नाही. डेटाबेसमध्ये सालाची मर्यादा घालतानाही म्हणूनच एक वर्ष मागे आणि एक वर्ष पुढे सोडावं.

पायरी चौथी: नोंद आणि हक्क

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर खंड, पान, छपाईचं साल, शोधाला वापरलेला शब्द आणि पाहिल्याची तारीख लिहा. शोधशब्द लिहिण्याला मी फार महत्त्व देते. काय टाकून काहीच मिळालं नाही, हेसुद्धा लिहिते. त्या पानाची प्रत संगणकावर ठेवा, कारण सरकारी संकेतस्थळांचे दुवे वारंवार बदलतात.

हक्कांचा साधा नियम असा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, त्या वर्षअखेरीस पुस्तकाचा हक्क संपतो. सरकारी प्रकाशनं आणि जुनी छायाचित्रं प्रकाशनापासून ६० वर्षांनी मोकळी होतात. सरदेसाई १९५९मध्ये वारले, त्यांचं स्वतःचं लेखन १ जानेवारी २०२०पासून खुलं झालं. चालू हक्क असलेल्या पुस्तकातलं चार ओळींचं अवतरण नावानिशी द्या, प्रकरणच्या प्रकरण उचलू नका.

पायरी पाचवी: पान असं बांधा की ते सापडेल

पहिली अट युनिकोडची. श्री-लिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला जुना मजकूर तसाच चढवला तर शोधयंत्राला ती निरर्थक रोमन अक्षरं वाटतात. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं हातानं तपासा. वृत्तपत्राचं कात्रण किंवा स्मरणिकेचं पान नुसतं छायाचित्र म्हणून लावणं हा दुसरा दोष. चित्रातली अक्षरं वाचकाला दिसतात, पण त्या शब्दांवर तुमचं पान शोधात वर येईल याची खात्री नसते. खाली मजकूर टाइप करा. कंटाळवाणं काम आहे, पण स्थानिक इतिहासाच्या संकेतस्थळासाठी याहून फायद्याचं दुसरं काम मला माहीत नाही.

एका पानावर एकच विषय घ्या. 'ठाण्याचा समग्र इतिहास' असं लांबलचक पान कुठल्याच शोधात वर येत नाही. लोक काय विचारतात ते पाहा: 'ठाण्यात किती तलाव आहेत', 'तलावपाळीला हे नाव का', 'कोपिनेश्वर मंदिर कोणी बांधलं', 'टेंभी नाक्यावरचं सिनेगॉग किती जुनं', 'पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला कधी आली'. प्रत्येकाला स्वतंत्र पान द्या आणि पहिल्या दोन वाक्यांत उत्तर द्या. तपशील त्याखाली येऊ द्या. १८७९चं सिनेगॉग, त्याचं 'शार हाशामाइम' हे नाव, त्याचा अर्थ 'स्वर्गाचं द्वार', एवढं सुरुवातीला सांगितलं की वाचक थांबतो. मग त्याला बेने इस्रायली समाजाची सविस्तर हकिगत वाचायची इच्छा होते.

इथे नावांची वही पुन्हा कामाला येते. शीर्षकात लोकांच्या तोंडचं नाव, पहिल्या परिच्छेदात अधिकृत नाव, पुढे जुनी रूपं. म्हणजे शीर्षक 'तलावपाळीचा इतिहास', लगेच 'मासुंदा तलाव', आणि खाली एक ओळ: जुन्या कागदांत हे नाव कोणकोणत्या स्पेलिंगनं येतं. ही ओळ वाचकालाही उपयोगी आहे आणि मराठी शब्द रोमनमध्ये टाइप करणाऱ्यालाही तुमचं पान सापडतं. मोबाइलवर असं टाइप करणारे असंख्य आहेत. मात्र शब्दांचा नुसता ढीग पानाच्या तळाशी ओतू नका. शोधयंत्रं ते ओळखतात आणि वाचकाचा विश्वासही उडतो.

पानाचा पत्ता रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांब माळ होते आणि लोकांना तो दुवा संशयास्पद वाटतो. एकदा दिलेला पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे आपोआप वळवण्याची सोय करा. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये जाहीर करा, प्रत्येक छायाचित्राला मराठी वर्णन द्या, आणि छायाचित्रं चढवण्यापूर्वी हलकी करा. लोकलमध्ये उभ्यानं वाचणाऱ्याचं नेटवर्क मधेच जातं, तेव्हा जड पान अर्धवटच उरतं.

स्रोत पानावरच दाखवा. 'असं सांगितलं जातं' आणि 'अमुक खंडाच्या अमुक पानावर आहे' यांतला फरक वाचकाला दिसू द्या. पहिल्या रेल्वेबद्दल साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे हे सगळे लिहितात. त्या आठवड्याच्या 'बॉम्बे टाइम्स'मधलं वर्णन तुम्ही शोधून टाइप करून मराठीत दिलंत, तर त्याच विषयावरच्या शेकडो पानांत तुमचं पान वेगळं उठून दिसेल. इतर लेखक आणि विद्यार्थी त्याचा दुवा देतात, आणि दुसऱ्यांनी दिलेल्या दुव्यांइतकं वजन शोधयंत्रांच्या लेखी फार थोड्या गोष्टींना आहे.

पायरी सहावी: वाचक येतात कुठून

आपल्याकडे स्थानिक इतिहास व्हॉट्सॲपवरून पसरतो, हे मान्य करूनच चाला. दुवा पाठवल्यावर जे छोटं कार्ड दिसतं त्यातलं चित्र, शीर्षक आणि वर्णन आधीच नेमून ठेवा. चित्र साधारण १२०० बाय ६३० पिक्सेलचं. सोसायटीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, गावकीच्या गटांत तो दुवा त्या-त्या ठिकाणाशी जोडूनच द्या. दिवाळे गावातल्या मंडळींना बेलापूर किल्ल्याचं पान पाठवा, घोडबंदर रोडच्या संकुलांना घोडबंदर किल्ल्याचं. सगळ्यांना सगळं पाठवणाऱ्याला लोक लवकरच म्यूट करतात.

दिनविशेषांची यादी करा: १६ एप्रिल पहिली रेल्वे, १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १९ एप्रिल कान्हेरे स्मृतिदिन, १ ऑक्टोबर ठाणे महानगरपालिकेचा स्थापना दिवस (१९८२), १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह, १७ डिसेंबर नवी मुंबई महापालिका (१९९१). एप्रिलमधले तीन दिवस चार दिवसांच्या आत येतात, म्हणून पानं फेब्रुवारी-मार्चमध्येच तयार हवीत. शोधयंत्राला नवं पान ओळखून वर आणायला वेळ लागतो. दरवर्षी नवं पान करू नका, त्याच पानात भर घाला.

विकिपीडियावर आपल्या संकेतस्थळाचे दुवे पेरत फिरू नका, ते काढले जातात आणि नाव खराब होतं. त्यापेक्षा लेखात मूळ गॅझेटियरचा किंवा ताम्रपटाचा संदर्भ द्या, आणि स्वतः काढलेली छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्यानं चढवा. श्रेयात तुमचं नाव येतं, वर्तमानपत्रं आणि अभ्यासक तिथूनच छायाचित्रं घेतात. ओसाड पडलेल्या गावदेवी, वेशीवरचे वीरगळ, जुनी विहीर यांची नीट छायाचित्रं अजून फार कमी आहेत.

स्पर्धेचा विचार करायचा तर गावांकडे वळा. पहिल्या रेल्वेवर पुष्कळांनी लिहिलंय. शिरवणे किंवा घणसोलीचा १९६१चा लोकसंख्येचा तक्ता, जुना नकाशा आणि दोन आजी-आजोबांच्या आठवणी, असं पान बहुधा एकही नसेल. त्या गावाचं नाव शोधणारा प्रत्येक जण तुमच्याकडेच येईल. अशी पानं वाचून लोक घरातले कागद दाखवायला आणतात. ते स्कॅन करून मूळ लगेच परत करा, आणि छापण्याची परवानगी लेखी घ्या.

शेवटचं साधन गूगल सर्च कन्सोल, मोफत आहे. लोकांनी काय टाइप केल्यावर तुमचं पान दिसलं, हे त्यात कळतं. महिन्यातून एकदा ती यादी उतरवून घ्या. जे शब्द अनेकदा दिसले पण टिचक्या कमी पडल्या, तिथे शीर्षक आणि वर्णन सुधारा. जे शब्द तुमच्या पानावर नाहीत तरी लोक शोधतायत, ते नावांच्या वहीत उतरवा. उदाहरणार्थ, किल्ल्याच्या पानावर लोक 'ठाणे जेल जुनं नाव' असं शोधत आले, तर तेवढ्याच प्रश्नाचं एक छोटं उपशीर्षक तिथे घाला आणि तोच प्रश्न घेऊन अभिलेख पटलकडे परत जा. नवा कागद सापडला की पानावर तारखेसह दुरुस्तीची नोंद करा, मग ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. कारण आपलं होस्टिंग एखाद्या वर्षी भरायचं राहिलं तरी कुणाच्या प्रबंधात दिलेला तुमचा संदर्भ तिथे उघडला पाहिजे.